हंगामाआधी पासवर्ड ज्याच्या त्याच्या हाती

शेडमधल्या प्रत्येकाला डेटाबेसचा स्वतःचा पासवर्ड स्वतः बदलता यावा, हे काम मोहोराच्या दिवसांतच उरका. मार्चात पेट्यांची आवक सुरू झाली की रत्नागिरीतल्या कुठल्याच पॅकिंग शेडमध्ये पासवर्डपायी कुणी थांबणार नाही.

पोस्टग्रेसमध्ये, म्हणजे बिलं-हिशेब साठवणाऱ्या डेटाबेसमध्ये, स्वतःचा पासवर्ड बदलायची मुभा प्रत्येक युजरला मुळातच असते, वेगळी परवानगी लागत नाही. म्हणून आधी युजरची यादी काढा. पावत्या फाडणारा, हिशेबनीस आणि बिलिंगचं सॉफ्टवेअर एकाच नावाने आत येत असतील, तर तिथेच थांबा. एकाने पासवर्ड बदलला की सगळे बाहेर, आणि तेही लगेच नाही! उघडी कनेक्शनं तशीच चालू राहतात. दिवसभर बिलं निघतात, संध्याकाळी लाइट जाते, इन्व्हर्टर मान टाकतो आणि लाइट आल्यावर सॉफ्टवेअर काही आत शिरत नाही. तोवर सकाळी कुणी काय बदललं ते सगळे विसरलेले. तेव्हा माणशी एक युजर करा, सॉफ्टवेअरचा वेगळा ठेवा, आणि त्याचा पासवर्ड कुठल्या फाइलीत आहे ते वहीत टिपा. फाइल कुठे आहे तेवढंच. पासवर्ड वहीत नको.

आवृत्ती १४ पासून नवा पासवर्ड आपोआप स्क्रॅम या जास्त सुरक्षित पद्धतीने साठवला जातो. कोपऱ्यातल्या जुन्या पीसीवरच्या ओडीबीसी ड्रायव्हरला (सॉफ्टवेअरला डेटाबेसशी जोडणाऱ्या दुव्याला) स्क्रॅम कळत नसेल, तर तो आधी बदला.

मग माणसांना पीएसक्यूएलमधली (पोस्टग्रेसला कमांड द्यायच्या प्रोग्रॅममधली) बॅकस्लॅश-पासवर्ड ही कमांड दाखवा. ती पासवर्ड दोनदा विचारते, पडद्यावर दाखवत नाही, आणि सर्व्हरकडे त्याचं हॅशच, म्हणजे मूळ पासवर्ड वाचता येणार नाही असं रूप, पाठवते. त्याऐवजी पासवर्ड बदलायची ‘ऑल्टर रोल’ ही कमांड हाताने टाइप केली तर सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदींच्या फाइलीत, पासवर्ड उघडाच उतरू शकतो. मात्र हॅशच पोचल्यामुळे कुणी ‘हापूस१२३’ ठेवला तरी सर्व्हरला पत्ता लागत नाही. ते तोंडीच बजावावं लागतं.

चाचणी सर्व्हरवर बसून घेऊ नका. कुणाला कसं आत घ्यायचं ते ठरवणाऱ्या पीजी-एचबीए फाइलीत त्याच मशीनसाठी ‘ट्रस्ट’ लिहिलेलं असेल तर काहीही टाकलं तरी आत घेतं. दुसऱ्या टेबलावरून करा, सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडा.

विसरलेला पासवर्ड ॲडमिनलाही वाचता येत नाही, नवाच द्यावा लागतो. तो अधिकार दोघांकडे तरी ठेवा. शिमग्यात एक जण हमखास पालखीबरोबर असतो.