जुन्या कॉम्प्रेसरची मोटार बदलण्याआधी पट्टा काढा

मी लाकडी फर्निचरला स्प्रेने पॉलिश मारतो. त्यासाठी सिंगल फेजचा, पट्ट्यावर चालणारा, दोन हॉर्सपॉवरचा जुना कॉम्प्रेसर घेतला आणि आठवडाभरात तो अडून बसला. बटण दाबलं की नुसता घुंईऽऽ आवाज यायचा, दिवे मंद व्हायचे आणि थोड्या वेळात ओव्हरलोड (जास्त करंट गेला की मोटार बंद करणारा स्विच) पडायचा. मोटार जळली असं धरून चालून मी ती थेट रिवाइंडिंगला दिली. नवी वाइंडिंग भरून आली, बसवली, आणि चौथ्या दिवशी पुन्हा तेच घुंई. मोटारीत काहीच बिघाड नव्हता. टाकीच्या तोंडावरचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गळत होता. टाकीतली हवा उलटी येऊन हेडवर (पंपाच्या पिस्टनवरच्या डोक्यावर) बसायची आणि मोटारीला पहिल्याच फेऱ्यात भरल्या दाबावर पिस्टन रेटावा लागायचा. चांगली वाइंडिंग मी विनाकारण उपसून टाकली. तेव्हापासून कुणीही ‘मोटार गेली’ म्हणत आलं की मी आधी पट्टा काढायला सांगतो.

मोटारीआधी टाकी पाहा. प्लग काढा, टाकी पूर्ण रिकामी करा, गेजचा काटा शून्यावर आल्यावर खालचा ड्रेन उघडा. गंजाचं लाल पाणी थोडंफार येणारच, पण पत्र्याचे पापुद्रे येत असतील किंवा बाहेरून तळाला फोड आलेले दिसत असतील, तर त्या यंत्रात नवी मोटार घालू नका. अशा टाकीला वेल्डिंगचं ठिगळ लावून वापरणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. टाकी ठणठणीत असेल तरच पुढे जा.

आता पट्टा उतरवा. मोटारीची पुली हाताने फिरवा, मग पंपाचं चाक फिरवा. पंपाचं चाक जड लागणारच. पिस्टन वर येताना अडतो आणि मग सुटतो, ते ठीक आहे. पण चाक एका जागी खाडकन थांबत असेल तर दुखणं पंपाचं आहे. मोटारीची पुली मात्र अलगद फिरून दोन-चार फेरे जायला हवी. खरखर लागली तर बेअरिंग गेलं. शाफ्ट वर-खाली हलवल्यावर ढिला वाटला तरी तेच.

मग पट्ट्याशिवाय मोटार एकदा चालू करा. झटक्यात वेग धरला तर मोटार बरी आहे आणि चोर व्हॉल्व्हमध्ये, अनलोडरमध्ये (मोटार थांबली की हेडवरची हवा सोडणारा भाग) किंवा पंपात लपलाय. रिकामी असूनही नुसती घुमत राहिली तर दोन-तीन सेकंदांत बंद करा. काही जण अशा वेळी चालू मोटारीची पुली हाताने फिरवून देतात. मी ते करत नाही, तुम्हीही करू नका. मोटार एकदम पकडते आणि बोटं तिथेच असतात.

घुमणाऱ्या मोटारीत पहिला संशय कंडेन्सरवर, म्हणजे कपॅसिटरवर. कॉम्प्रेसरच्या मोटारीला बहुतेक वेळा स्टार्टचा (फक्त सुरू होतानाचा) कंडेन्सर असतो, काहींना जोडीला रनचाही (सतत चालू राहणारा) असतो. प्लग काढलेला असला तरी आत चार्ज राहू शकतो, म्हणून दोन्ही टोकांना जुना पिवळा बल्ब वायरने लावून तो उतरवा. स्क्रू ड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी पाडायची सवय वाईट, त्यात कंडेन्सरही खराब होतो. झाकण फुगलंय का, तेल पाझरलंय का, आधी डोळ्यांनी पाहा, मग मीटरवर मायक्रोफॅरॅड मोजा. रनचा कंडेन्सर छापील आकड्यापेक्षा पाच-सहा टक्क्यांहून जास्त उतरला असेल तर बदलून टाका. नवा घेताना मायक्रोफॅरॅड तोच हवा, व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त. आणि स्टार्टचा कंडेन्सर रनच्या जागी कधीही जोडू नका. तो काही सेकंदांपुरता बनवलेला असतो, सतत करंट मिळाला की फुटतो.

कंडेन्सर चांगला निघाला तर मागचं झाकण खोला. त्याआधी झाकण आणि बॉडी यांच्या सांध्यावर पंचने दोन खुणा मारा, म्हणजे बसवताना झाकण फिरलेलं राहणार नाही. वायरींचा फोटो काढा. आत शाफ्टवर दोन वजनं आणि स्प्रिंगा दिसतील, तो सेंट्रिफ्युगल स्विच. मोटार पूर्ण वेगाच्या साधारण तीन-चतुर्थांशाला पोचली की वजनं बाहेर फेकली जातात आणि स्टार्ट वाइंडिंग सुटते. चांगल्या मोटारीत बंद करताना वेग उतरत आला की ‘टक्’ असा आवाज ऐकू येतो, तो ह्याचाच. माझ्या मोटारीत लाकडाचा भुसा आणि सीलरचे कण मिळून पिठल्यासारखा थर वजनांवर चढला होता. वजनं अर्ध्यात अडकायची, टोकं उघडी राहायची आणि स्टार्ट वाइंडिंगला करंटच मिळत नव्हता. ही गोष्ट व्हॉल्व्हच्या भानगडीनंतर वर्षभराने घडली, आणि तेव्हा मात्र रिवाइंडिंगपर्यंत जावं लागलं नाही. ब्रशने थर काढला, टोकांवरून बारीक पॉलिश पेपर फिरवला, मोटार चालू. उलट टोकं वितळून चिकटली असतील तर स्टार्ट वाइंडिंग सुटतच नाही, आणि मग कंडेन्सर आणि वाइंडिंग दोन्ही जळतात. तसं दिसलं तर स्विच नवाच घाला.

झाकण उघडलंच आहे तर वाइंडिंगचा वास घ्या. जळलेल्या वार्निशचा वास एकदा नाकात बसला की विसरत नाही. रंग पाहा. वेटोळी एकसारखी तांबूस-पिवळी असतील तर जीव आहे, एखाद्या भागात काळी पडली असतील तर शॉर्ट आहे. मीटरवर स्टार्ट वाइंडिंगचा रेझिस्टन्स रनपेक्षा जास्त यायला हवा. मग बॉडीशी तपासा. साधं मीटर इथे पुरत नाही, ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन मोजायचं मीटर) लावा. १ मेगाओहमच्या खाली आलं तर ती मोटार चालवू नका. नुसता ओलावा असेल तर उन्हात किंवा बल्बच्या उबेला वाळवून पुन्हा मोजता येतं, आणि कधीकधी आकडा वर येतोही.

बेअरिंग बदलणं मला स्वतःला आवडतं. ह्या आकाराच्या मोटारीत बहुतेक ६२०४ किंवा ६२०५ असतं, पण नंबर जुन्या बेअरिंगच्या कडेवर वाचूनच घ्या. दोन्ही बाजूंनी झाकलेलं घ्या, म्हणजे भुसा आत जात नाही. जुनं पुलरने काढा. नवं बसवताना जोर फक्त आतल्या कडीवर. बाहेरच्या कडीवर हातोडी पडली की गोळ्यांचे ठसे आत उमटतात आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून आवाज करतं. बेअरिंग उघडं असेल तर मी ते तेलात साधारण १०० अंशांपर्यंत गरम करतो, शाफ्टवर ते हाताने सरकतं, ठोकावं लागत नाही. दोन्ही बाजूंनी झाकलेलं बेअरिंग मात्र तेलात बुडवू नका, त्याला हीटर किंवा बेअरिंगचा प्रेस वापरा.

वाइंडिंग जळलीच असेल तर रिवाइंड की नवी? शाफ्ट घासलेला नसेल, बेअरिंगची खाच ढिली नसेल आणि मोटारीचं माप चारचौघांपेक्षा वेगळं असेल, तर रिवाइंड करा. तांब्याची तार आणि मूळचेच फेरे, एवढं बजावून सांगा. खाच ढिली असेल तर त्या मोटारीचा नाद सोडा.

नवी घेताना नुसती हॉर्सपॉवर पाहून चालत नाही. जुन्या मोटारीच्या प्लेटवरून व्होल्टेज, फ्रेम (मोटारीच्या सांगाड्याचं ठरलेलं माप) आणि आरपीएम (मिनिटाला फेरे) उतरवून घ्या, शाफ्टची जाडी मोजून घ्या. ८० फ्रेमला शाफ्ट १९ मि.मी., ९० फ्रेमला २४ मि.मी., आणि पायांच्या भोकांचं अंतरही बदलतं. सिंगल फेजमध्ये मोटार कपॅसिटर-स्टार्ट जातीची हवी. पंख्यासारखी नुसत्या रन कंडेन्सरवर चालणारी मोटार ताकदीला सारखी असली, तरी सुरुवातीचा जोर तिच्यात नसतो.

सगळ्यात मोठी चूक आरपीएमची होते. १४४० च्या जागी २८८० ची मोटार आणि पुली जुनीच, असं केलं तर पंप दुप्पट वेगाने धावतो, हेड तापतं आणि नवी मोटारही लवकरच जाते. हिशेब सोपा आहे: मोटारीचे आरपीएम गुणिले मोटारीच्या पुलीचा व्यास, भागिले पंपाच्या चाकाचा व्यास. १४४० ची मोटार, १०० मि.मी. पुली आणि ३०० मि.मी. चाक असेल तर पंप ४८० आरपीएमने फिरतो. मोटार बदलली तरी पंपाचा हा आकडा तोच राहायला हवा.

बसवताना पंपाच्या चाकावरचा बाण पाहा. चाकाच्या आऱ्या पंख्यासारख्या हेडवर हवा मारतात, उलटं फिरलं की हेड तापतं. सिंगल फेजला दिशा बदलायची तर स्टार्ट वाइंडिंगची दोन टोकं आपसात बदला. थ्री फेजला कोणत्याही दोन फेज बदलल्या की झालं. दोन्ही पुल्यांच्या तोंडावर ताणलेली दोरी धरा, ती चार ठिकाणी टेकली पाहिजे. पट्टा मधोमध अंगठ्याने दाबल्यावर पुल्यांमधल्या दर १०० मि.मी. अंतराला साधारण दीड मि.मी. दबावा. फार ताणला तर नवं बेअरिंग खातो. अर्थिंगची वायर बॉडीला घट्ट लावा, ओव्हरलोड प्लेटवरच्या अँपिअरवर लावा, पट्ट्यावरची जाळी परत बसवा.

आता ड्रेन उघडा ठेवूनच पंधरा-वीस मिनिटं चालवा. मग ड्रेन बंद करून टाकी भरू द्या. कट-आउटला, म्हणजे टाकी भरून प्रेशर स्विचने मोटार बंद केली की, प्रेशर स्विचपाशी छोटासा ‘फुस्स’ यायलाच हवा, ती अनलोडरने सोडलेली हेडवरची हवा. तो आलाच नाही तर अनलोडर अडकलाय. आणि फुसफुस थांबतच नसेल, टाकीचा काटा हळूहळू उतरत असेल, तर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गळतोय. टाकी रिकामी करून तो उघडा, आतली चकती आणि तिची बैठक काजळीतून मोकळी करा, चकती झिजली असेल तर बदला. माझ्या व्हॉल्व्हमध्ये कार्बनचा मोहरीएवढा खडा चकतीखाली अडकला होता.

कट-आउटच्या थोडं आधी क्लॅम्प मीटरने करंट मोजा. तो प्लेटवरच्या आकड्याच्या वर जायला नको. मी तो आकडा तारखेसह जाळीच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवतो, आणि दर सहा महिन्यांनी मोजून त्याखाली नवा लिहितो.