घरच्या सगळ्या संगणकांचा पुसता न येणारा बॅकअप

घरात दोन विंडोज लॅपटॉप आणि लिनक्सचा एक डेस्कटॉप. तिन्हींवर नॅसचं (घरच्या नेटवर्कवरच्या सामायिक साठवण-यंत्राचं) फोल्डर ड्राइव्ह म्हणून जोडलेलं होतं आणि फायली तिथे कॉपी व्हायच्या. मला खटकत होतं ते हे की, जिथे लॅपटॉपला लिहिता येतं तिथे रॅन्समवेअरलाही, म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमलाही, लिहिता येतं. मूळ फाइल आणि तिची प्रत, दोन्ही एकदमच जातात.

म्हणून ते ड्राइव्ह काढले आणि रेस्टिक हा बॅकअपचा प्रोग्रॅम घेतला. मोफत आहे, आणि डेटा संगणकातून बाहेर पडण्याआधीच एईएस-२५६ या पद्धतीने एन्क्रिप्ट होतो, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येत नाही. नॅसवर डॉकरमध्ये (प्रोग्रॅम बाकीच्यांपासून वेगळा चालवायची सोय) त्याचा बॅकअप स्वीकारणारा रेस्ट-सर्व्हर चालवला, अपेंड-ओन्ली मोडमध्ये. माझ्या मते सगळी किमया इथेच आहे: संगणक नवीन बॅकअप भरू शकतो, जुना पुसू शकत नाही. प्रायव्हेट-रेपोज पर्यायामुळे प्रत्येक यंत्राला फक्त स्वतःचाच कप्पा उघडतो. जोडणी एचटीटीपीएसवरून.

बॅकअप ठरल्या वेळी आपोआप सुरू व्हायला विंडोजवर टास्क शेड्यूलर, लिनक्सवर सिस्टमडीचा (तिथली सेवा चालवणारी यंत्रणा) टायमर. टायमरमध्ये 'पर्सिस्टंट' चालू ठेवा, म्हणजे बंद असताना हुकलेली वेळ मशीन सुरू झाल्यावर भरून निघते. आउटलुकसारख्या उघड्या फायलींसाठी विंडोजवर व्हीएसएस स्नॅपशॉटचा (चालू फायलींची त्या क्षणाची स्थिर प्रत घेणारा विंडोजचाच) पर्याय लागतो, तोही अ‍ॅडमिन हक्कांसह.

रेस्टिकचा प्रत्येक बॅकअप म्हणजे एक स्नॅपशॉट. जुने स्नॅपशॉट छाटायचं काम फक्त नॅसवरून होतं, आणि तेही किती ठेवायचे या संख्येवर नव्हे, किती काळापर्यंतचे ठेवायचे या कालावधीवर. नाहीतर कुणी खोटे स्नॅपशॉट भरून खरे बाहेर ढकलू शकतं. पासवर्ड कागदावर लिहून कपाटात ठेवलाय, कारण तो हरवला तर डेटा परत मिळवायचा दुसरा मार्गच नाही.