डोळा धूसर, कानामागची बट स्पष्ट

ॲपर्चर, म्हणजे लेन्समधले प्रकाशाचे छिद्र, मोठे उघडले की पार्श्वभूमी धूसर होते, हे नवशिक्यालाही पहिल्याच आठवड्यात कळते. डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे पुढून मागे जेवढा भाग स्पष्ट दिसतो तो पट्टा, नेमकी किती सेंटीमीटर मिळते, हे कळायला मला मात्र दोन वर्षे लागली.

फुलफ्रेम कॅमेरा (ज्याचा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा पृष्ठभाग, ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा असतो), ५० मिमी लेन्स, एफ/१.८ (हा आकडा जितका लहान, तितके ॲपर्चर मोठे) आणि समोरची व्यक्ती एक मीटरवर. मधल्या फोकस बिंदूने मी डोळ्यावर फोकस धरीत असे आणि शटरचे बटण अर्धे दाबून तो फोकस कायम ठेवून, चौकट नेटकी यावी म्हणून कॅमेरा किंचित वळवून छायाचित्र घेत असे. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर सारे ठीक दिसे; संगणकावर पूर्ण आकारात पाहिले की पापण्या विरघळलेल्या आणि कानामागची बट मात्र केसन्‌केस मोजता यावी इतकी स्पष्ट. मी लेन्स तपासायला दिली. ती निर्दोष निघाली, याचे मला वाईटच वाटले.

फोकस एका बिंदूवर नसून सेन्सरला समांतर असलेल्या प्रतलावर असतो आणि कॅमेऱ्याबरोबर ते प्रतलही वळते. एक मीटरवर फोकस धरून कॅमेरा १५ अंशांनी वळवला, तर ते डोळ्याच्या सुमारे ३.४ सेंटीमीटर मागे पडते. त्या अंतरावर एफ/१.८ ला एकूण डेप्थ जेमतेम ४ सेंटीमीटर, म्हणजे पुढे २ आणि मागे २. डोळा वाचणार कसा?

तेव्हा फोकस बिंदूच डोळ्यावर सरकवा. कॅमेरा वळवू नका. ते जमेपर्यंत एफ/४ वापरा, कारण तिथे सुमारे ९ सेंटीमीटर मिळतात आणि हीच चूक बहुधा खपून जाते. दोन मीटरवर गेलात तर एफ/१.८ लाही डेप्थ चौपट होते. पण चेहरा तेवढाच मोठा हवा म्हणून १०० मिमी लेन्स लावलीत, तर ती जवळपास पुन्हा ४ सेंटीमीटरवर येते.

‘ॲपर्चर सताड उघडे ठेव, बाकीचे आपोआप होईल’ असे सांगणारे मार्गदर्शक शिष्याचे छायाचित्र पूर्ण आकारात कधी पाहतच नसावेत, असे माझे मत आहे. डेप्थ मोजणाऱ्या ॲपमधले आकडे आणि माझे वरचे आकडेही मर्यादित आकाराची प्रत बेताच्या अंतरावरून पाहण्याच्या गृहीतकावर काढलेले असतात. संगणकावर मोठे करून पाहिल्यास डेप्थ त्याहून कमीच भासते.

खात्री हवी असेल, तर मोजपट्टी टेबलावर तिरकी ठेवा, १५ च्या आकड्यावर फोकस धरा आणि कोणते आकडे वाचता येतात ते पाहा. मग फोकस तसाच धरून कॅमेरा वळवा आणि पुन्हा वाचा.