कारखान्याचा ताळेबंद वाचताना या चुका टाळा

विक्री आणि नफा पाहून ताळेबंद मिटवणं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. कारखान्यात नफा फुगवायची सोयीची जागा म्हणजे वर्षअखेरीचा शिल्लक माल.

हे गणित एकदा स्वतः करून पाहा. सुरुवातीचा माल 20 लाखांचा, वर्षभराचा उत्पादन खर्च 80 लाख, अखेरचा माल 25 लाखांचा. म्हणजे विकलेल्या मालाचा खर्च 75 लाख. आता अखेरच्या मालापुढे 25 ऐवजी 30 लिहा. एकही जास्तीचा नग न विकता नफा 5 लाखांनी वाढला! पण हेच 30 पुढच्या वर्षी सुरुवातीचा माल म्हणून येतात आणि तेवढा नफा खातात. ते झाकायला पुन्हा फुगवावं लागतं. म्हणूनच पाच वर्षांचे ताळेबंद शेजारी शेजारी ठेवा. विक्री जेमतेम वाढतेय आणि माल मात्र साठतच चाललाय, असं दिसलं तर गोदामात जा.

तिथे ड्रम आणि खोकी नुसती बाहेरून मोजू नका. 1963 साली अमेरिकेत अलाइड क्रूड व्हेजिटेबल ऑइल कंपनीच्या टाक्यांत खाली पाणी आणि वर तेलाचा थर निघाला. शिवाय एका टाकीतलं तेल दुसरीत फिरवलं जायचं. तेव्हा कोणतं खोकं उघडायचं ते तुम्ही ठरवा, आणि सगळ्या गोदामांची मोजणी एकाच वेळी करा. अर्धवट तयार माल तर याहून निसरडा. 30 टक्के झालेलं काम कागदावर सहज 70 टक्के होतं. शॉप फ्लोअरवर जाऊन जॉब कार्ड, म्हणजे कोणतं काम कुठवर आलंय याची नोंद, पाहिल्याशिवाय तो आकडा मानू नका.

बिल फाडलं म्हणजे विक्री झाली, असंही धरू नका. सनबीम या अमेरिकी घरगुती उपकरणांच्या कंपनीने 1997 च्या अखेरीस, भर हिवाळ्यात, बार्बेक्यू ग्रिल, म्हणजे उन्हाळ्यात उघड्यावर भाजायच्या शेगड्या, विकल्याचं दाखवलं. त्यातला बराच माल ग्राहकांकडे गेलाच नव्हता. वर्षाच्या शेवटच्या आठवड्यातली बिलं गेटच्या रजिस्टरशी आणि वाहतूक पावत्यांशी जुळवा. पुढच्या दोन महिन्यांत परत आलेला मालही बघा.

दुरुस्तीचा खर्च यंत्रसामग्रीच्या किमतीत मिळवलाय का, हेही तपासा. तसं केलं की तो खर्च त्या वर्षीच्या नफ्यातून पूर्ण वजा होत नाही आणि नफा फुगतो.

नफा वाढतोय आणि धंद्यातून येणारी रोकड आटतेय, असं दिसलं म्हणून लगेच लबाडीचा शिक्का मारू नका. ग्राहक उशिरा पैसे देत असतील. आधी ग्राहकांकडून यायच्या पैशांची यादी मागवा आणि मोठ्या ग्राहकांना थेट पत्र पाठवून बाकी विचारा. उत्तर कंपनीकडे न जाता तुमच्याच हाती आलं पाहिजे.