जुन्या हायब्रिडच्या बॅटरीचा मीटर वाचताना या चुका टाळा

धरण शंभर टक्के भरलं म्हणजे त्यात पहिल्या वर्षाइतकंच पाणी आहे, असं कोणी मानत नाही. तळाला गाळ साचलेला असतो. पट्टी पाण्याची पातळी सांगते, गाळ किती ते सांगत नाही. जुन्या हायब्रिड गाडीच्या डॅशबोर्डवरचा बॅटरी मीटर अगदी तसाच. तो भरलेला दिसला म्हणून खूश होणं आणि रिकामा दिसला म्हणून घाबरणं, या दोन्ही चुका एकाच गैरसमजातून होतात.

पट्ट्या म्हणजे बॅटरीची तब्येत, असं समजू नका

टोयोटा प्रियसच्या दुसऱ्या पिढीचं उदाहरण घेऊ, कारण जुन्या हायब्रिडमध्ये सर्वात जास्त उघडून पाहिलेली बॅटरी हीच असावी. यात निकेल मेटल हायड्राइडची 28 मॉड्यूल एकामागोमाग जोडलेली असतात. एका मॉड्यूलमध्ये 1.2 व्होल्टचे 6 सेल, म्हणजे पूर्ण पॅक 201.6 व्होल्टचा. क्षमता 6.5 अँपिअर-तास. गुणाकार केला तर जेमतेम 1.3 युनिट वीज, आणि तीही सगळी वापरायला मिळत नाही. आयुष्य वाढावं म्हणून गाडीचा कॉम्प्युटर चार्ज साधारण 40 ते 80 टक्क्यांच्या दरम्यान खेळवतो. पडद्यावर आठही पट्ट्या भरल्या तरी बॅटरी खऱ्या अर्थाने काठोकाठ भरलेली नसते, आणि तळाची एकच पट्टी उरली तरी ती कोरडी पडलेली नसते. कॉम्प्युटरला मधली पातळी आवडते. त्यामुळे 'माझ्या गाडीत कधीच आठ पट्ट्या येत नाहीत' ही तक्रार बहुतेक वेळा तक्रारच नसते.

त्यात ही पातळीसुद्धा थेट मोजलेली नसते, हिशोबाने काढलेली असते. निकेलच्या बॅटरीचा व्होल्टेज मधल्या टप्प्यात फारसा बदलत नाही. म्हणून कॉम्प्युटर आत किती करंट गेला आणि बाहेर किती आला याची वही ठेवतो. वहीतली छोटी चूक साचत जाते. सेल म्हातारे झाले की व्होल्टेज अचानक कोसळतो, तेव्हा कॉम्प्युटरला कळतं की आपला आकडा खोटा आहे, आणि तो मीटर एका झटक्यात खाली आणतो. होंडाच्या आयएमए पद्धतीच्या (इंजिनाला छोट्या मोटरची मदत देणाऱ्या) जुन्या गाड्यांचे मालक याला 'रिकॅल', म्हणजे आकडा पुन्हा जुळवून घेणं, म्हणतात: चांगला अर्धा भरलेला मीटर चढावर धपकन खाली येतो आणि मग इंजिन जोर लावून बॅटरी भरत बसतं. तो मीटर बिघडलेला नसतो. उलट, त्या क्षणी तो पहिल्यांदा खरं बोलतो.

पातळी पाहू नका, वेग पाहा

लहान भांडं लवकर भरतं आणि लवकर रिकामं होतं. थकलेल्या बॅटरीची खूण हीच. छोट्याशा उतारावर मीटर काठोकाठ, पुढच्या चढावर लगेच तळाला, आणि दिवसभर हाच झोका. सोबत इंजिन पूर्वीपेक्षा वारंवार चालू होतं, मागच्या सीटजवळचा पंखा घोंघावतो, ॲव्हरेज हळूहळू घसरतं.

घरच्या घरी एक साधी तपासणी करता येते. गाडी चांगली गरम झाल्यावर सपाट जागी, ठरावीक पट्ट्या असताना, पार्कमध्ये रेडी अवस्थेत (गाडी चालू, निघायला तयार) उभी करा, एसी ठरावीक तापमानाला लावा आणि बॅटरी भरायला इंजिन किती मिनिटांनी चालू होतं ते लिहून ठेवा. एका दिवसाच्या आकड्याला अर्थ नाही. दर दोन-तीन महिन्यांनी, साधारण सारख्या हवामानात तीच नोंद केली की घसरण दिसते. मी ही वही ठेवायला उशिराच सुरुवात केली, त्यामुळे गाडी नवी असतानाचा आकडा माझ्याकडे नाही. तुम्ही आजच लिहा.

लांब घाट उतरताना मीटर पूर्ण भरतो आणि ब्रेक न दाबताही इंजिन मोठ्याने गुरगुरू लागतं, याला मात्र दोष समजू नका. बॅटरीत जागा उरली नाही की गाडी इंजिनाचा अडसर वापरून वेग रोखते.

लहान बॅटरीचं खापर मोठ्या बॅटरीवर फोडू नका

ही चूक मी स्वतः केली आहे. सकाळी डॅशबोर्डवर दिव्यांची दिवाळी, गाडी रेडी होईना. एका गॅरेजवाल्याने गाडीला हातही न लावता मुख्य पॅक बदलायला सांगितलं, आणि मी आठवडाभर त्याच विचारात. निघाली 12 व्होल्टची साधी बॅटरी.

साध्या गाडीत ही बॅटरी थकली की स्टार्टर कण्हतो आणि आपल्याला कळतं. बहुतेक फुल हायब्रिडमध्ये, म्हणजे नुसत्या विजेवरही थोडं चालू शकणाऱ्या गाड्यांत, इंजिन फिरवतो मोठा पॅक. 12 व्होल्टची बॅटरी फक्त कॉम्प्युटर आणि रिले जागे करते. त्यामुळे ती मरेपर्यंत कण्हत नाही, आणि अर्धमेली असताना भलतेसलते इशारे दाखवते. रात्रभर उभ्या गाडीत या लहान बॅटरीला मल्टिमीटर लावा. 12.6 व्होल्टच्या आसपास असेल तर ठीक, 12.2 च्या खाली असेल तर आधी तिचाच बंदोबस्त करा.

कोड वाचला, आणि लगेच पॅक बदलला

पी0ए80 (P0A80) हा हायब्रिड बॅटरीच्या बिघाडाचा कोड गाडीच्या कॉम्प्युटरने दिला की 'पॅक गेला' असं सांगितलं जातं. बऱ्याचदा ते खरंही असतं. पण स्कॅनर किंवा फोनवरचं एखादं ॲप लावून आतले व्होल्टेज पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नका. प्रियसमध्ये दोन-दोन मॉड्यूलचे 14 गट वेगवेगळे मोजले जातात. उभ्या गाडीत सगळे गट शहाण्यासारखे एका रांगेत दिसतात. खोट उघडी पडते ती जोरात पिकअप घेताना आणि ब्रेक लावताना. सगळे एकत्र खाली-वर झाले तर बरं. एकच गट 1.2 व्होल्टच्या आसपास मागे राहत असेल, तर त्यातला एक सेल मेल्याची शक्यता मोठी.

तरी एक शंका ठेवाच: मॉड्यूल जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्यांवर हिरवा गंज चढला तरी व्होल्टेज खोटा दिसतो. पट्ट्या साफ केल्यावर कोड परत न आल्याची उदाहरणं आहेत.

एकच मॉड्यूल बदलण्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: वेळ मारून न्यायची असेल तरच. 28 जणांनी एकत्र वय काढलंय, मधल्यांनी जास्त उष्णता सोसलीय. एकाची जागा भरली की काही महिन्यांत शेजारचा आडवा होतो. चार्ज-डिस्चार्ज करून 'रिकंडिशनिंग' केल्याने दबलेली क्षमता थोडी वर येते, मेलेला सेल जिवंत होत नाही.

पंख्याची जाळी विसरू नका

बॅटरी थंड ठेवणारी हवा केबिनमधूनच ओढली जाते, बहुधा मागच्या सीटच्या बाजूच्या झरोक्यातून. तिथे पिशवी टेकवलेली, आत धूळ आणि कुत्र्याचे केस. उष्णता हीच या सेलची खरी वैरी आहे, तेव्हा जाळी साफ करणं हा सगळ्यात स्वस्त उपाय.

गाडी महिनोन्‌महिने उभी ठेवू नका, आणि बराच वेळ थांबायचं असेल तर न्यूट्रलऐवजी पार्कमध्ये थांबा. प्रियसच्या रचनेत न्यूट्रलमध्ये इंजिन चालू असलं तरी मोठी बॅटरी भरत नाही.

पॅक स्वतः उघडताना

नारिंगी केबल, म्हणजे मोठ्या बॅटरीची जास्त व्होल्टेजची तार, म्हणजे जिवाशी खेळ. सर्व्हिस प्लग (पॅकची जोडणी मधोमध तोडणारा खटका) काढल्यावरही इन्व्हर्टरच्या, म्हणजे मोटरला वीज पुरवणाऱ्या पेटीच्या, कपॅसिटरमध्ये वीज उरते, म्हणून किमान 10 मिनिटं थांबायचं. पॅक मात्र प्लग काढल्यावरही आतून भारलेलाच असतो. दोन भाग झाले तरी प्रत्येक भागात जीव घेण्याइतका व्होल्टेज असतो. 1000 व्होल्टचे हातमोजे आणि शिकलेला माणूस नसेल तर झाकणाला हात लावू नका.

जुनी हायब्रिड विकत घेताना

विकणारा गाडी गरम करून, पट्ट्या भरून समोर उभी करतो आणि पडद्याकडे बोट दाखवतो. तुम्ही थंड गाडी मागा, एक लांब चढ आणि एक उतार चालवून पाहा. मग स्कॅनरवर रेडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने स्वतःच्या कोणत्या तपासण्या पूर्ण केल्या त्याची यादी, बघा. कोड एकही नाही, पण बरेचसे मॉनिटर अपूर्ण दिसत असतील, तर कोड नुकतेच पुसलेले असू शकतात, किंवा 12 व्होल्टची बॅटरी काढून जोडलेली असू शकते. कशासाठी काढली होती, ते विचारा आणि उत्तर देतानाचा चेहरा बघा.