जुना राउटर वापरून घरातली वाय-फायची रेंज कशी वाढवावी

बाहेरच्या खोलीत व्हिडिओ सुरळीत चालतो आणि आतल्या खोलीत गेलं की नुसतं चक्र फिरत राहतं, ही घरोघरची तक्रार आहे. त्यावर पुष्कळ जण आधी नेटचा प्लॅन वाढवतात, पण फरक पडत नाही. घरात येणारं नेट बहुतेक वेळा पुरेसं असतं, ते राउटरपासून त्या खोलीपर्यंत पोहोचत नसतं. दुसरा राउटर लावून हे नीट करता येतं, आणि तो नवाच हवा असंही नाही. कपाटात पडून असलेला जुना राउटर चालू स्थितीत असेल तर त्यावर काम भागतं.

दोनच गोष्टी पक्क्या धरायच्या. दोन्ही राउटर केबलने जोडायचे, आणि घरातल्या उपकरणांना आयपी पत्ते (नेटवर्कवर प्रत्येक उपकरणाला ओळखायचा क्रमांक) देण्याचं काम पहिल्याच राउटरकडे ठेवायचं. दुसरा राउटर लावूनही नेट रडतं तेव्हा बहुधा यातलीच एखादी गोष्ट राहिलेली असते.

आधी दुखणं कुठे आहे ते बघा

मुख्य राउटरच्या शेजारी उभं राहून फोनवर स्पीड टेस्ट करा. तिथेच वेग कमी असेल तर दुसरा राउटर लावून उपयोग नाही, नेट देणाऱ्या कंपनीशी बोला. शेजारी वेग चांगला आणि आतल्या खोलीत पडत असेल तरच पुढे जा.

अंदाजावर राहू नका, सिग्नल मोजा. अँड्रॉइड फोनवर वाय-फाय अ‍ॅनलायझर प्रकारची मोफत अ‍ॅप मिळतात. मॅकवर ऑप्शन बटण दाबून धरून वाय-फायच्या चिन्हावर क्लिक केलं की आकडा दिसतो. हा आकडा उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ५० डीबीएमच्या (सिग्नलची ताकद मोजायचं एकक) आसपास उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे ८० ला कनेक्शन असतं ते नावापुरतंच. प्रत्येक खोलीतला आकडा कागदावर लिहून ठेवा, नंतर ताडून बघायला लागेल.

मुख्य राउटर टीव्हीच्या मागे, बंद कपाटात किंवा जमिनीवर ठेवला असेल तर आधी त्याला उघड्यावर, उंचावर आणा. लोखंडी कपाट, मोठा आरसा, पाण्याची टाकी आणि सळईचं काँक्रीट या सगळ्यांना सिग्नल अडतो. ५ गिगाहर्ट्‌झचा सिग्नल वेगवान असला तरी भिंतीतून जाताना २.४ गिगाहर्ट्‌झपेक्षा लवकर क्षीण होतो. एवढं करूनही आतली खोली कोरडीच राहिली, तर कपाटातला दुसरा राउटर बाहेर काढा.

केबलच का?

केबल टाकायचा कंटाळा येतो हे मान्य आहे, म्हणून लोक रिपीटरकडे, म्हणजे वाय-फायचा सिग्नल पकडून पुढे पाठवणाऱ्या उपकरणाकडे, वळतात. पण साधा रिपीटर एकाच रेडिओवर आधी ऐकतो आणि मग तेच पुन्हा बोलतो, त्यामुळे वेग साधारण निम्म्यावर येतो. शिवाय लोक तो नेमका रेंज नसलेल्या खोलीत लावतात, म्हणजे आधीच अर्धमेला झालेला सिग्नल तो पुढे पाठवतो. केबलने जोडलेल्या राउटरला ही अडचण नाही. तो थेट दुबळ्या भागाच्या मधोमध ठेवता येतो.

कॅट ५ई दर्जाची केबल पुरते. १०० मीटरपर्यंत ती १ जीबीपीएसचा वेग देते, त्यामुळे घरात लांबीची चिंता नाही. ती विजेच्या तारांना लगटून नेऊ नका, आणि दारात चेपणार नाही असं बघा. केबल टाकणं अगदीच शक्य नसेल तर विजेच्या वायरिंगमधून नेट नेणारे पॉवरलाइन अडॅप्टर किंवा मेश संच (एकमेकांशी वाय-फायनेच जोडले जाणारे राउटर) असे पर्याय आहेत. त्यांचं काम मात्र घराच्या वायरिंगवर आणि भिंतींवर अवलंबून असतं.

पायरी १: मुख्य राउटरची माहिती काढा

फोनवर जोडलेल्या वाय-फायचे तपशील उघडले की गेटवे किंवा राउटर या नावापुढे एक पत्ता दिसतो, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. ब्राउझरमध्ये तो इंग्रजी अंकांत टाइप करा, राउटरचं पान उघडेल. लॉगिन बहुधा राउटरच्या खालच्या स्टिकरवर असतं. आत डीएचसीपी, म्हणजे उपकरणांना आपोआप पत्ते देण्याची सोय, या नावाचा भाग शोधा. उपकरणांना कोणत्या आकड्यापासून कोणत्या आकड्यापर्यंत पत्ते दिले जातात ते तिथे असतं. ते लिहून घ्या.

पायरी २: दुसरा राउटर कोरा करा

दुसऱ्या राउटरला वीज द्या आणि टाचणीने रिसेटचं बटण दहा सेकंद, दिवे लुकलुकेपर्यंत, दाबून धरा. मुख्य राउटरला तो अजून जोडायचा नाही. लॅपटॉपपासून त्याच्या लॅन पोर्टपर्यंत (घरातली उपकरणं जोडायचा खाचा) केबल लावा आणि लॅपटॉपचं वाय-फाय बंद करा. हे विसरलात तर घोटाळा होतो. दोन्ही राउटरचा पत्ता सारखाच असू शकतो, आणि दुसऱ्याचं पान समजून तुम्ही पहिल्याच्याच सेटिंग बदलत बसता.

पायरी ३: अ‍ॅक्सेस पॉइंट मोड आहे का?

ऑपरेशन मोड किंवा तशा नावाखाली अ‍ॅक्सेस पॉइंट (स्वतः पत्ते न देता फक्त वाय-फाय पुरवणं) हा पर्याय असेल तर तोच निवडा. मग पुढची पायरी करावीच लागत नाही, कारण डीएचसीपी बंद करणं वगैरे राउटर स्वतःच करतो, आणि या मोडमध्ये सहसा वॅन पोर्टही (बाहेरून येणारं नेट जोडायचा खाचा) चालतो. तुम्ही फक्त वाय-फायचं नाव आणि पासवर्ड द्यायचा.

पायरी ४: मोड नसेल तर हाताने

इथे क्रमाला फार महत्त्व आहे, आणि इथेच अनेकांचं घोडं अडतं. डीएचसीपी आधी बंद केलं तर लॅपटॉपला पत्ताच मिळेनासा होतो आणि राउटरचं पान पुन्हा उघडत नाही. म्हणून आधी वाय-फायच्या सगळ्या सेटिंग करून सेव्ह करा, मग राउटरचा आयपी पत्ता बदला आणि डीएचसीपीला हात सगळ्यात शेवटी लावा.

नव्या पत्त्याचे पहिले तीन आकडे मुख्य राउटरसारखेच हवेत, चौथा वेगळा. मुख्य राउटर १९२.१६८.१.१ असेल आणि तो १०० ते २०० या टप्प्यात पत्ते देत असेल, तर दुसऱ्याला १९२.१६८.१.२ द्या. त्याचा टप्पा २ पासूनच सुरू होत असेल तर आधी मुख्य राउटरवर तो १० पासून सुरू करा, नाहीतर एखाद्या दिवशी तुमच्या फोनला आणि राउटरला एकच पत्ता मिळेल आणि नेट कधी चालू तर कधी बंद होईल. सेव्ह केल्यावर जुनं पान अडकून पडतं, ते साहजिक आहे. लॅपटॉपची केबल काढून पुन्हा लावा, नवा पत्ता टाइप करा, आत जा आणि डीएचसीपी बंद करा.

दोन्ही राउटर पत्ते देत राहिले तर एकाच इमारतीत दोन जण आपापल्या मनाने घरांना क्रमांक देत सुटावेत तसं होतं. वाय-फाय जोडलेलं दिसतं, पण नेट नाही. अशी तक्रार आली की पहिला संशय डीएचसीपीवर घ्या.

पायरी ५: लॅनमधून लॅनमध्ये

आता राउटर त्याच्या जागी न्या. केबलचं एक टोक मुख्य राउटरच्या लॅन पोर्टमध्ये, दुसरं टोक दुसऱ्याच्याही लॅन पोर्टमध्ये. वेगळ्या रंगाचा जो वॅन पोर्ट असतो तो रिकामा राहू द्या. त्यावर चिकटपट्टी लावून टाकली तर आणखी बरं, कारण साफसफाईनंतर केबल हमखास तिथेच जाते. वॅनमध्ये लावली तरी कधीकधी नेट चालतं, पण दुसरा राउटर आपलं वेगळं नेटवर्क करून बसतो. मग बाहेरच्या खोलीतला प्रिंटर आतल्या लॅपटॉपला सापडत नाही आणि फोनवरचं टीव्हीवर दाखवता येत नाही.

दोन राउटरमध्ये एकच केबल हवी. जास्त वेग मिळेल म्हणून दोन लावल्या तर डेटा त्यांच्यातच गोल फिरत राहून सगळं नेटवर्क ठप्प होऊ शकतं.

पायरी ६: नाव तेच, चॅनल वेगळं

वाय-फायचं नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार दोन्हीकडे अगदी सारखे ठेवा. छोटी-मोठी इंग्रजी अक्षरंसुद्धा जुळली पाहिजेत. मग घरात फिरताना फोन आपोआप एकावरून दुसऱ्यावर जातो.

चॅनल, म्हणजे सिग्नल ज्या पट्ट्यातून जातो तो, मात्र वेगळं द्या. २.४ गिगाहर्ट्‌झमध्ये १, ६ आणि ११ हीच तीन चॅनलं एकमेकांत मिसळत नाहीत. एक राउटर १ वर असेल तर दुसरा ६ किंवा ११ वर ठेवा. आजूबाजूच्या घरांचं वाय-फाय कुठे गर्दी करतंय ते अ‍ॅनलायझरमध्ये दिसतं, त्यावरून ठरवा. चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्‌झच ठेवा. ४० केली की शेजाऱ्यांचा त्रास वाढतो आणि पदरात फारसं काही पडत नाही. ५ गिगाहर्ट्‌झमध्ये जागा भरपूर असते, तिथे वेगळी चॅनलं निवडली की झालं.

पायरी ७: फिरून बघा

कागद घेऊन पुन्हा प्रत्येक खोलीतला आकडा मोजा. मग व्हिडिओ कॉल लावून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाला. राउटर बदलताना क्षणभर आवाज तुटणं चालण्यासारखं आहे. पण तुम्ही दुसऱ्या राउटरच्या शेजारी उभे असून फोन पहिल्यालाच चिकटून असेल, तर दोन्ही राउटरची ट्रान्समिट पॉवर, म्हणजे सिग्नल पाठवायची ताकद, थोडी कमी करा. राउटर कधी बदलायचा हे फोन ठरवतो, आणि जुना सिग्नल बरा वाटतोय तोवर तो हलत नाही. रेंज वाढवायला बसलेल्या माणसाला पॉवर कमी करणं उलटं वाटेल, पण दोन राउटरच्या घरात ते खरोखर कामाला येतं.

वेग ९० ते ९५ एमबीपीएसच्या वर सरकतच नसेल तर पोर्टकडे बघा. बऱ्याच जुन्या राउटरचे पोर्ट १०० एमबीपीएसचेच असतात. दोन्ही राउटर गिगाबिटचे असूनही वेग तिथेच अडत असेल तर केबलच्या टोकाला एखादी तार नीट बसलेली नसते. गिगाबिटला आठही तारा लागतात, १०० एमबीपीएस मात्र चारांवर चालतं.

जुन्या राउटरचं फर्मवेअर (त्याच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करा, अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदला आणि डब्ल्यूपीएस (बटण दाबून किंवा पिन टाकून वाय-फाय जोडायची सोय) बंद ठेवा. ज्या राउटरवर डब्ल्यूपीए२ हा वाय-फायच्या सुरक्षेचा प्रकारसुद्धा मिळत नाही तो कितीही चांगला चालत असला तरी लावू नका, त्यातून घराचं सगळं नेटवर्क उघडं पडतं. आणि दुसऱ्या राउटरला दिलेला नवा पत्ता त्याच्याच पाठीवर स्टिकर लावून लिहा, कारण मूळ स्टिकरवरचा पत्ता आता चालणार नाही.