इंटरव्ह्यूत 'आम्ही केलं' म्हणून गप्प बसू नका

माझा पहिला मोठा इंटरव्ह्यू मी 'आम्ही'पायी घालवला. अर्धा तास आम्ही हे केलं, आम्ही ते केलं, सर्व्हर आम्ही हलवला, आणि समोरच्या मॅडमनी शांतपणे विचारलं, त्यात तुम्ही काय केलं? झालं, माझी बोलतीच बंद. काम केलेलं हो, पण लहानपणापासून 'सारखं मी मी करू नये' एवढं ऐकलंय की तोंडातून मी निघेचना.

आता पॅनलवर मीच बसतो, म्हणून सांगतो. कुणी न सांगता काम हातात घेतलं तो पुढाकार, आणि ते तडीला नेलं, नंतर बिघडलं तेव्हा फोनही आपणच उचलला, ती ओनरशिप. नुसतं पहिलं सांगितलं की माणूस आरंभशूर वाटतो. अ‍ॅमेझॉनच्या 16 लीडरशिप प्रिन्सिपल्समध्येही ओनरशिप आणि बायस फॉर अ‍ॅक्शन (वाट बघत न बसता कामाला लागणं) वेगवेगळे आहेत, आणि 'हे माझं काम नाही' म्हणायचं नाही हे ओनरशिपखाली सरळ लिहिलंय.

उत्तर मांडायची स्टार पद्धत, म्हणजे सिच्युएशन, टास्क, अ‍ॅक्शन, रिझल्ट, सगळ्यांना पाठ असते पण लोक सिच्युएशनमध्येच तीन मिनिटं घालवतात. ती दोन वाक्यात संपवा.

समजा तुम्ही सपोर्टला आहात, दर सोमवारी सकाळी रिपोर्ट फेल होतो कारण व्हेंडरची फाइल उशिरा येते, आणि जो शिफ्टला असेल तो हाताने परत रन करतो. 'मी प्रोअ‍ॅक्टिव्हली ऑटोमेशन केलं' एवढंच बोललात तर काही कळत नाही. असं सांगा: 'हे मला कुणी दिलं नव्हतं. मी मागच्या 13 सोमवारचे लॉग काढले, 9 वेळा फाइल उशिरा आलेली. लीडला दाखवून फाइल आली का ते बघणारी स्क्रिप्ट लिहिली. तिसऱ्याच सोमवारी ती पडली, फाइल आली होती पण रिकामी, साइझ चेक करायचा मी विसरलो होतो, त्याच दिवशी टाकला. टीम बदलताना सगळं लिहून देऊन गेलो.'

त्यातलं विसरलो होतो हे वाक्य लोक हमखास गाळतात आणि आम्ही नेमकं तेच ऐकायला बसलेलो असतो!

'ठरलं', 'करण्यात आलं' असली वाक्यं टाळा, कुणी ठरवलं ते बोला. डिझाइन सीनियरचं असेल तर सीनियरचं म्हणा, टेस्टिंग माझं म्हणा, त्याने काही कमीपणा येत नाही. न विचारता प्रॉडक्शनला, म्हणजे लोक वापरत असलेल्या चालू सिस्टीमला, हात लावल्याची गोष्ट मात्र शौर्य म्हणून सांगू नका, आम्हाला घाम फुटतो. रचलेली गोष्ट तर नकोच, 'दुसरा पर्याय का नाही घेतला' विचारलं की तिथेच फाटते. फ्रेशर असाल तर गॅदरिंगचा हिशोब जुळवल्याची गोष्टही चालते.

आदल्या रात्री उत्तर मोबाइलवर रेकॉर्ड करून 'आम्ही' किती वेळा आलं ते मोजा, माझ्या पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये 14 निघाले होते.